येते हं! हळदीकुंकवाचा निरोप

संक्रांत झाली की महिला मंडळाच्या फलकावर ती ओळ हमखास लागते: हळदीकुंकू, संध्याकाळी ४ ते ७, सर्वांनी अगत्य येणे. रथसप्तमीपर्यंत किती दिवस हाती, ते पंचांग ठरवतं. २०२६ मध्ये १४ ते २५ जानेवारी, जेमतेम १२ दिवस; २०२७ मध्ये रथसप्तमी १३ फेब्रुवारीला, म्हणजे महिनाभर सवड. उखाणे, फुगड्या, हलव्याचे दागिने हे सगळं असतंच. पण मनात घर करून राहतो तो निघतानाचा अर्धा तास.

निघताना "जाते" कुणी म्हणत नाही. पुण्याकडे "येते हं", कोल्हापुरात आणि वऱ्हाडात बायकांच्याही तोंडी "येतो", मालवणात "येतंय हां". समोरून उत्तर एकच, "या". नारळ फोडत नाहीत, वाढवतात. त्याच मायेतलं हे बोलणं.

हळदीकुंकवाचं टेबल नेहमी बाहेर पडायच्या वाटेवर मांडावं. आत येतानाच वाण हातात पडलं की निम्म्या जणी उखाण्यांआधीच उठतात. क्रमही ठरलेला असतो. आधी हळद, मग कुंकू, दोन्ही अनामिकेनं. मग मनगटाच्या मागे अत्तराचा फाया, त्यानंतर गुलाबदाणी. तिळगूळ आणि वाण शेवटी. हा क्रम चुकला आणि हातात हलवा असताना गुलाबपाणी शिंपडलं, तर साखरेचा काटा विरघळतो आणि घरी पोचेपर्यंत पुडीत चिकट गोळा होतो. गुलाबदाणीची भोकं आदल्या वर्षीच्या गाळानं बुजलेली असतात, ती सकाळीच कोमट पाण्यानं धुवावी. हळद लावणारीनं वाण वाटू नये. पिवळी बोटं प्रत्येक डब्यावर उमटतात.

१०० जणींना हळद आणि कुंकू ५०-५० ग्रॅम पुरून उरतं. एकेक लाडू धरला तर तिळगूळ २ किलो. एका उसाचे तीन-तीन इंची पंचवीसेक करवे निघतात, तरी ऊस चाराऐवजी पाच आणावेत, कारण किडकी पेरं टाकावीच लागतात. बोरं, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी यांनी ओटी सजते. देशावर ओटीला गहू, कोकणात तांदूळ.

ओटी पदरातच घ्यायची. भरून झाली की घेणारी त्यातले चार दाणे उचलून परत ताटात टाकते. यजमानणीचं ताट रितं राहू नये, म्हणून. दोन बोटांची ती चिमूट, दाणे ताटात पडल्याचा बारीक आवाज, आणि मग "येते हं". सगळ्या सोहळ्यात याहून सुंदर काही नाही.

विधवा बाईला मात्र या दारातून कोरडंच पाठवत असत, हे फार वाईट होतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तिळगूळ आणि वाण सगळ्यांच्या हाती एकाच रांगेत द्यावं. कुंकू लावायचं की नाही ते जिचं तिनं ठरवावं.

शेवटी पंधरावीस पुड्या बाजूला ठेवाव्या लागतात. चपला घालता घालता कुणीतरी वळतंच: "आमच्या सासूबाईंना जिना उतरवत नाही हो, त्यांच्यासाठी द्या ना एक."