फायरवॉलचं काम कमांड लाईनवरून केलं, माझा अनुभव

महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीचं नेटवर्क मी बघतो, त्यांचं दुसरं ऑफिस ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आहे आणि तिथली अकाउंट्सची मंडळी रिमोट डेस्कटॉपने इथल्या सर्व्हरवर काम करतात. आधीच्या माणसाने डेबियन लिनक्सवर फायरवॉल (नेटवर्कमध्ये काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) बसवून दिलेला, त्याचं वेब पॅनेल उघडेनासं झालं म्हणून घरून एसएसएचने (लांबून मशीनची कमांड लाईन उघडायची सुरक्षित सोय) आत शिरलो. आता पॅनेल चालू झालं तरी मी परत तिकडे जाणार नाही.

आधी काहीही न बदलता नुसतं बघायचं. लिनक्समधल्या फायरवॉलच्या यंत्रणेचं नाव एनएफटेबल्स, तिची कमांड एनएफटी. सगळे रूल बघायला 'एनएफटी लिस्ट रूलसेट' मारलं, मायनस ए लावलं की प्रत्येक रूलचा हँडल नंबरपण (त्या रूलची ओळख) दिसतो. फॉरवर्ड चेनची (फायरवॉलमधून पलीकडे जाणाऱ्या ट्रॅफिकच्या रूलची यादी) पॉलिसी ड्रॉप होती, म्हणजे परवानगी नसेल ते अडवायचं, छान, पण 3389 पोर्टचे (हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट) दोन रूल, वरचा कुठूनही आलेल्याला अ‍ॅक्सेप्ट करणारा आणि खालचा फक्त वागळेच्या स्टॅटिक आयपीला (न बदलणारा इंटरनेट पत्ता) परवानगी देणारा. रूल वरून खाली लागतात, वरच्याने अ‍ॅक्सेप्ट केलं की त्या चेनमध्ये विषय संपला. दोन्हींवर काउंटर होता, रूल किती ट्रॅफिकला लागला ते मोजणारा (एनएफटेबल्समध्ये तो रूलमध्येच लिहावा लागतो, जुन्या आयपीटेबल्ससारखं आपोआप मोजत नाही), खालचा शून्यावर आणि वरचा दर वेळी कमांड मारली की वाढलेला. म्हणजे अकाउंट्सचा सर्व्हर अख्ख्या इंटरनेटला उघडा! खरंच राग आला, लोकांचे पगार, जीएसटीचे कागद सगळं त्यावर आहे हो.

तरी घाई नाही केली. चालू रूलसेट फाईलमध्ये काढून ठेवला, त्याच्या पहिल्या ओळीत 'फ्लश रूलसेट' (आधीचे सगळे रूल पूस) आपण लिहायचं, नाहीतर ती फाईल परत लोड केली की जुने रूल तसेच राहतात आणि त्यावर हे चढतात. मग ठरल्या वेळी काम करणाऱ्या 'एट' कमांडने पाच मिनिटांनी ती जुनी फाईल आपोआप लोड होईल असं लावलं, कारण बाहेर अडकलो असतो तर विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोडने महापे गाठावं लागलं असतं. नव्या फाईलमधून वरचा रूल काढला, मायनस सी ने तपासली आणि मायनस एफ ने लोड केली. लोड होताना एकतर सगळे रूल लागतात नाहीतर एकही नाही, मधेच अर्धवट काही राहत नाही, ही गोष्ट मला फार आवडते.

चालू एसएसएच विंडो टिकली म्हणून खूश होऊ नका, एस्टॅब्लिश्ड म्हणजे आधीच जुळलेल्या कनेक्शनला वेगळा रूल असतो, ती चालतेच. दुसरी विंडो उघडून नव्याने लॉगिन करून बघा. त्याच कारणाने बाहेरून आधीच जोडलेली कनेक्शनं पण रूल काढून तुटत नाहीत, ती 'कॉनट्रॅक' (चालू कनेक्शनच्या नोंदी बघायची कमांड) मायनस डी ने उडवली. वागळेला फोन लावला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हो सर, होतंय लॉगिन, मघाशी एकदा तुटलं होतं फक्त." इकडे खालचा काउंटर पहिल्यांदा हलला.

मग एटचं काम रद्द केलं, नवी फाईल इटीसीमधल्या एनएफटेबल्स डॉट कॉन्फमध्ये टाकली, सर्व्हिस एनेबल केली, नाहीतर रीबूटला सगळं जातं. प्रत्येक रूलला कमेंट लिहिली, कोणासाठी आणि का. दुसऱ्या दिवशी लंच टाईमला रीबूट करून परत लिस्ट काढली, रूल जागेवर. आता पुढे वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे दोन ऑफिसांमधली बंदिस्त सुरक्षित वाट) टाकून 3389 बाहेरून पूर्णच बंद करायचाय.