डावीकडून घुसू नका हो!

जून आला की आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला जी जाग येते ती थेट दिवाळीपर्यंत. बसची फी परत का वाढवली, एसी चालतो का, बस कुठे पोचली ते ॲपवर दिसतं का, सातवीतला कोण तो दुसरीतल्या पोराला खिडकीत बसू देत नाही त्याचं काय, सगळं सगळं चघळून होतं. आणि मग कुणी विचारलं की पोरं उतरतात कुठे, तिथं फुटपाथ आहे का, मागून काय येतं, तर ग्रुपवर सामसूम. फार तर कुणीतरी अंगठा टाकतं.

माझं आपलं सरळ मत आहे, बसच्या आत पोरं बऱ्यापैकी सुखरूप असतात. भानगड आहे ती बसची शेवटची पायरी आणि फुटपाथ यांच्या मधल्या दोन-तीन पावलांत. आणि त्या दोन-तीन पावलांवर बसवाल्या काकांचा हुकूम चालत नाही, तिथं आपण बाकीचे असतो, बाइकवाले, रिक्षावाले, कारवाले आणि घाईत असलेले इतर पालक.

नियम नाहीत असं अजिबात नाहीये. महाराष्ट्रात 2011 साली स्कूल बससाठी वेगळी नियमावलीच आली. बस पिवळी, पुढे-मागे 'स्कूल बस' लिहिलेलं, आग विझवायची सिलिंडरं, फर्स्ट एडची पेटी, संकटकाळी बाहेर पडायचं दार, खिडक्यांना आडव्या दांड्या म्हणजे कुणी डोकं बाहेर काढू नये, सोबत एक अटेंडंट, आणि बसमध्ये मुली असतील तर ती बाईच हवी. सगळ्यात खालची पायरी जमिनीपासून 220 मिलिमीटरहून उंच नको असंही आहे त्यात. म्हणजे साधारण एक वीत. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने पहिलीतलं पोर पाठीवर दप्तर आणि गळ्यात बाटली घेऊन उतरताना नक्की बघितलं असणार, नाहीतर एवढं सुचत नाही. पण ही वीतभर उंची सपाट रस्त्यावर हो, आमच्याकडे पायरीखाली खड्डा आला की वितीची हातभर होते.

त्याच्याही आधी, नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली होती आणि पंचवीसहून जास्त मुलं गेली होती. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने जे आदेश दिले त्यात शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला अवजड गाडी चालवायचा किमान 5 वर्षांचा अनुभव हवा असं होतं, शिवाय सिग्नल तोडणं, लेन मोडणं यासाठी वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा दंड झालेला माणूस चालणार नाही असंही होतं. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपण नवीन ड्रायव्हर आला की त्याचा मोबाइल नंबर तेवढा घेतो, लायसन्स किती जुनं आहे हे विचारायला आपल्याला अवघड वाटतं. विचारा की. काका चिडत नाहीत, उलट जे चांगले असतात ना ते लगेच काढून दाखवतात.

वेगाचं म्हणाल तर महापालिकेच्या हद्दीत ताशी 40 ची मर्यादा आहे. आता सकाळी पावणेनऊला मुंबईत आमच्या भांडुपच्या एलबीएस रोडवर 40 चा वेग गाठून दाखवणाऱ्याचा जाहीर सत्कार करायला हवा, मेट्रो 4 चं काम सुरू झाल्यापासून भांडुप ते घाटकोपर गाड्या चालत नाहीत, सरकतात. त्यामुळे वेगाची भीती खरी कधी, तर सकाळी साडेसहाला, जेव्हा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा असतो आणि काकांना पहिली ट्रिप संपवून दुसरीला परत यायचं असतं. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं सांगितलं, पोरांची झोप व्हावी म्हणून, चांगलंच आहे ते, पण तेव्हा बसवाले ओरडले की 9 ला शाळा म्हणजे ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये बस, आणि एका बसच्या दोन ट्रिपा बसणार कशा. झोप की ट्रॅफिक, यावर आमच्या सोसायटीत अजून दोन पार्ट्या आहेत. मी झोपेच्या पार्टीत.

तर मूळ मुद्दा, डावी बाजू.

आपल्याकडे बसचं दार डावीकडे. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. दाराच्या मागून, बस आणि फुटपाथच्या फटीतून एखादी बाइक येत असेल तर ती डाव्या आरशात दिसली तर दिसली, आणि आरशाचा जो कोपरा झाकला जातो त्यात असली तर काकांना बापजन्मात कळणार नाही. पोराला तर दिसायचा प्रश्नच नाही, ते दारातून बाहेर येतं तेव्हा त्याची नजर पायरीवर असते. ओव्हरटेक उजवीकडून करायचं, पुढची गाडी उजवीकडे वळायला निघाली असेल तरच डावीकडून, हे मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण मुंबईत बाइकवाल्याला जिथं हँडल मावतं तो रस्ता. बस थांबली, उजवीकडे जाम आहे, डावीकडे हातभर जागा दिसतेय, घातली गाडी.

आमच्या बसच्या मावशींनी यावर स्वतःची पद्धत काढलीये. बस थांबली की आधी कुणी पोर जागेवरून उठायचं नाही. मावशी एकट्या खाली उतरतात, तोंड मागच्या ट्रॅफिककडे करून दाराच्या पलीकडे उभ्या राहतात, छत्री आडवी धरतात, ऊन असो पाऊस असो छत्री हवीच, आणि मग 'हां, या' म्हणतात. मध्ये एक डिलिव्हरीवाला मुलगा हॉर्न वाजवत अगदी छत्रीला टेकला तर म्हणाल्या, "थांब रे जरा, पोरं उतरतायत, तुझं पार्सल काय पळून जातंय का?" तो बिचारा हसला आणि थांबला. त्याच्यावर पण मिनिटांचं ओझं असतं हे मला कळतं, पण मावशींच्या जागी कुणी नसतं तर तो थांबला नसता, हेही तितकंच खरं. बऱ्याच बसमध्ये अटेंडंट दारात उभं राहून आतूनच पोरांना खाली ढकलल्यासारखं करते आणि स्वतः उतरतच नाही. नियमात अटेंडंट हवी म्हटलंय, ती आहे, झालं. ती खाली उतरते की नाही हे कोण बघणार? आपणच, स्टॉपवर तर आपणच असतो ना उभे.

आता एक गोष्ट जी मला फार खटकते. यूट्यूबवरचे स्कूल बसचे परदेशी व्हिडिओ आपण पोरांना दाखवतो, गाणंबिणं असतं, आणि त्यात मुलं बसमधून उतरून बसच्या पुढून ऐटीत रस्ता ओलांडतात. अहो ते अमेरिकेत! तिकडे शाळेची बस थांबली, लाल दिवे लुकलुकायला लागले आणि बाजूचा 'स्टॉप'चा हात बाहेर आला की मागच्या गाड्या तर थांबतातच, दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्याही थांबतात, थांबलेल्या स्कूल बसला असं ओलांडून जाणं तिकडे सगळ्या राज्यांत गुन्हा आहे. बसचा पिवळा रंगही तिकडचाच, 1939 साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी परिषद भरवली आणि तिथं हा रंग ठरला, कारण पहाटेच्या अर्धवट उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं लांबून वाचता येतात. रंग आपण आणला. थांबायची सवय मात्र तिकडेच राहिली. इथं पिवळी बस थांबली की मागच्याच्या डोक्यात एकच विचार, आता हिच्या पुढे कसं निघायचं. त्यामुळे आपल्याकडे बसच्या पुढून रस्ता ओलांडायला शिकवणं म्हणजे पोराला उजवीकडून सुसाट ओव्हरटेक करणाऱ्या गाडीच्या तोंडी देणं. आणि बस उंच, पोर जेमतेम तीन-साडेतीन फूट, अगदी बंपरसमोर उभं राहिलं तर काकांना पण दिसत नाही.

म्हणून आमच्या घरी वेगळं शिकवलंय. उतरलं की फुटपाथवर, फुटपाथ नसेल तर जी काही कड असेल तिथं, बसपासून लांब उभं राहायचं, बस पूर्ण निघून जाऊ द्यायची, दोन्हीकडचं दिसायला लागलं की मग मोठ्या माणसाचा हात धरून ओलांडायचं. आणि बाटली, डबा, प्रोजेक्टचा कागद, काहीही बसखाली घरंगळत गेलं तरी वाकायचं नाही. मावशींना सांगायचं, नाहीतर सोडून द्यायचं. लेकीने विचारलं, नवीन बाटली असली तरी? तरी. पाचशेची असली तरी? तरी गं बाई.

हे सगळं बोलताना बसवाल्यांची बाजूही बघायला हवी. बस थांबणार कुठे? एलबीएसला मेट्रोचे पत्रे, उरलेल्या रस्त्यात कडेला लावलेल्या गाड्या, फुटपाथवर भाजीवाले, मग बस थांबते मधल्या लेनमध्ये आणि पोरं उतरतात ती थेट रस्त्यात. थांबली की ई-चलानचा फोटो. 2025 च्या जुलैत ई-चलानच्या विरोधात वाहतूकदारांचा संप झाला तेव्हा स्कूल बसवाल्यांनीही उतरायची घोषणा केली होती, त्यांचं म्हणणं हेच की पोरांना चढवायला-उतरवायला थांबलो तरी दंड लागतो. संपाने पोरांचे हाल होतात, मला ते पटत नाही, पण तक्रार खोटी नव्हती. दंडाच्या भीतीने काका "चला चला, लवकर उतरा" करायला लागले की त्या दोन-तीन पावलांत पोर धावतं, आणि धावलं की पडतं. दुसरीकडे हेही आहे की काही बसवाले थांबायची जागा असून मुद्दाम सिग्नललाच दार उघडतात, तेवढाच वेळ वाचतो म्हणून. त्यांना खुशाल दंड लावा, माझी ना नाही.

आणि आपण पालक! शाळेच्या गेटसमोर बसला जागा का नसते, तर तिथं आपल्याच गाड्या डबल पार्क केलेल्या असतात, 'दोनच मिनिटं' म्हणून. स्कूटरवर पुढे एक, मागे एक, मध्ये दप्तर, आणि हेल्मेट फक्त बाबांना. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि त्याहून लहान, नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरासाठी तर फेब्रुवारी 2023 पासून हेल्मेटसोबत पट्ट्याने बांधणारं हार्नेसही हवं आणि वेग 40 च्या आत, असा केंद्राचा नियम आहे. हार्नेस लावलेलं पोर मी अजून भांडुपात बघितलेलं नाही. दहावीतल्या दादाला धाकटीला सोडायला ॲक्टिव्हा देणारेही आहेत, त्यांच्यासाठी माहिती, 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून काही गुन्हा घडला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो.

रिक्षांबद्दल मात्र मला नुसतं नाक मुरडता येत नाही. तिघांच्या रिक्षात सात-आठ पोरं, दप्तरं बाहेर लटकलेली, दिसायला भयानकच आहे. पण भांडुपातल्या टेंभीपाडा, खिंडीपाड्याच्या चढावरच्या गल्ल्यांत बस शिरत नाही, आणि बसची फी एका घराला झेपत असली तरी दुसऱ्याला नाही झेपत. तिथल्या आयांना 'रिक्षा धोकादायक आहे' हे आपण सांगायची गरज नाही, त्यांना माहितीये. निदान खाली मेन रोडला बसचा एक नीट स्टॉप मिळाला तर अर्धी पोरं चालत येतील.

पावसाचं एक राहिलंच. ऑगस्ट 2025 मध्ये किंग्ज सर्कलच्या भागात साचलेल्या पाण्यात स्कूल बस अडकली होती आणि माटुंगा पोलिसांनी पोरांना उचलून बाहेर काढलं होतं, बातम्यांत बघितलं असेल. तेव्हापासून मी काकांना पावसाळ्याच्या आधीच विचारून ठेवते की पाणी भरलं तर कुठे थांबणार, शाळेत परत नेणार की वाटेत कुठे, आणि फोन कुणाला करणार. उत्तर काहीही असो, आधी ठरलेलं असलं म्हणजे झालं.

शेवटी हे सगळं बोलायचं कुठे, तर ग्रुपवर नाही. त्याच 2011 च्या नियमात प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी असं आहे, अध्यक्ष मुख्याध्यापक, त्यात पालकांचा माणूस, ट्रॅफिक पोलीस, आरटीओचे इन्स्पेक्टर, बसवाल्यांचा प्रतिनिधी. थांबे कुठे असावेत हे याच टेबलावर ठरायला पाहिजे. आमच्या शाळेत ही समिती कागदावर होती, पालकांचा प्रतिनिधी कोण हे पालकांनाच माहीत नव्हतं. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये धरून बसलो तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी ट्रॅफिक चौकीला पत्र द्यायचं कबूल केलं. पत्र मी लिहितेय. मागण्या तीनच ठेवल्यात, शाळेसमोर आणि मेन रोडच्या थांब्यांवर बससाठी आखलेली जागा, भरायच्या-सुटायच्या वेळेला तिथं एक हवालदार किंवा वॉर्डन, आणि त्या आखलेल्या जागेत थांबलेल्या बसला चलान नको. चौथी मागणी शाळेला आहे, प्रत्येक बसच्या मावशीने आधी खाली उतरायचं. कुणाला आपल्या शाळेसाठी हवं असेल तर तसंच्या तसं उचला, फक्त शाळेचं नाव बदलायला विसरू नका.