होरेसचे वडील

रोमन कवी होरेसचं नाव निघालं की 'आजचा दिवस हातचा घालवू नकोस' ही त्याची ओळ हमखास पुढे येते. ती मोलाची आहेच. पण या माणसाला इतकं समाधानी राहायला कुणी शिकवलं, याचं उत्तर त्याच्या 'सटायर्स' या उपहासात्मक कवितांच्या संग्रहात आहे: पहिल्या भागातली चौथी आणि सहावी कविता. तिथे त्याचे वडील भेटतात.

वडील एके काळी गुलाम होते. सुटका झाल्यावर लिलावातली वसुली करायचे. दक्षिण इटलीत व्हेनुसियाला जमिनीचा लहानसा तुकडा. तिथल्या शाळेत बड्या लष्करी अंमलदारांची मुलं डाव्या खांद्याला दप्तर-पाटी अडकवून जायची. वडिलांनी पोराला तिथे घातलंच नाही, थेट रोमला नेलं. सिनेटरांची मुलं शिकतात ते याने शिकावं म्हणून. आणि प्रत्येक गुरुजींकडे त्याच्यासोबत स्वतः जात राहिले. मोठ्या घरांत हे काम गुलामाचं.

शिकवायची तऱ्हा म्हणजे बोट दाखवणं. वडील म्हणायचे, त्या अल्बियसच्या पोराचे हाल बघ, बापाची मिळकत उधळू नकोस. एखादी गोष्ट बरी का नि वाईट का, ते तत्त्वज्ञ सांगतील. तुला राखणदार लागतो तोवर तुझी अब्रू सांभाळली की मला पुरे. अंग आणि मन कणखर झालं की तरंगायच्या बुचाशिवाय पोहशील.

या ओळीवर मी बराच वेळ अडकलो. माझे आबा कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. दिवसभर सौदे, पट्ट्या, वसुली. सुट्टीत गावी गेलो की माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत सोडायचे, दोर मात्र स्वतःच्या हातात. वाटेने तेही माणसं दाखवायचे. "तो बघ, पाच एकर ऊस होता. पत्त्यांत घालवला." पुढे एक शब्द नाही. चालत राहायचे.

होरेसला पुढे कमी सोसावं लागलं नाही. इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत तो हरलेल्या बाजूला होता. घर-जमीन गेली, सरकारी खजिन्यात कारकुनी केली. कवींना आश्रय देणाऱ्या मायसेनाससारख्या बड्या माणसाकडे गेला तेव्हा अडखळत, पण आपण कोण ते सरळ सांगितलं. त्याच्याकडून पुन्हा बोलावणं आलं नवव्या महिन्यात. लोक 'सुटलेल्या गुलामाचा पोर' म्हणून टोचायचे. त्यावर तो लिहितो, आईबाप पुन्हा निवडायला मिळाले तरी मी दुसरे घेणार नाही.

त्याच सहाव्या कवितेत त्याची संध्याकाळ आहे. एकटाच बाजारात फिरतो, भाजीचा नि पिठाचा भाव विचारतो, घरी जाऊन हरभरे खातो. सम्राट ऑगस्टसने नंतर स्वतःचा चिटणीस म्हणून बोलावलं, तर त्यालाही नाही म्हणाला. असा माणूस थोडक्यात समाधान मानायला सांगतो तेव्हा मला ते पटतं. होरेस वाचायचा असेल तर आधी ही सहावी कविता काढा, मग त्याच्या प्रसिद्ध ओळींकडे वळा.