तुम्ही विचारलंत म्हणून: गांडुळांच्या डब्यात हे चालेल का?

"कांद्याची सालं चालतात का हो?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये येतो, फॅमिली ग्रुपवर येतो, आणि एका लग्नात तर शेजारच्या पानावरच्या काकूंनी मठ्ठ्याची वाटी हातात धरून विचारला होता. ठाण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करायला गांडुळांचा डबा ठेवलाय हे चार लोकांना कळलं की आपण आपोआप त्यातले जाणकार ठरतो, इलाज नसतो. कांदा झाला की लिंबू, मग उरलेला भात, चहाचा चोथा, निर्माल्य, आणि सगळ्यात शेवटी आवाज जरा खाली आणून "आणि मासळीचं काय करता?" लोकांना हो की नाही एवढंच हवं असतं, आणि माझी पंचाईत अशी की निम्म्या गोष्टींचं उत्तर "किती आणि कसं" यावर असतं. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या काकूंना हेच पाठवता येईल.

आधी डब्यात नक्की काय होतं ते बघा. गांडुळाला दात नसतात. आज टाकलेलं दुधीचं साल ते आज कुरतडत नाही. त्यावर आधी जिवाणू आणि बुरशी बसते, साल मऊ पडतं, लिबलिबीत होतं, मग ते मऊ झालेलं सगळं जिवाणूंसकट गांडूळ आत ओढून घेतं आणि पोटातल्या वाळूच्या कणांनी दळतं. म्हणजे स्वयंपाक जिवाणू करतात आणि गांडूळ जेवायला बसतं. शिवाय गांडूळ श्वास घेतं कातडीतून, तोही कातडी ओली असेल तरच. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की मी एवढंच बघतो की हे निवांत कुजेल का, की तापेल, आंबेल, कातडीला झोंबेल.

आता कांदा. जिथे बघाल तिथे कांदा-लसूण वर्ज्य असं लिहिलेलं असतं, जणू गांडुळांनी चातुर्मासच धरलाय. पण डार्विनने, हो तोच उत्क्रांतीवाला, म्हातारपणी घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवून ती काय खातात ते बघितलं होतं, 1881 साली ते छापूनही आलं, आणि त्याच्या कुंड्यांत पुरलेले कांद्याचे तुकडे गांडुळांनी शोधून काढून आवडीने खाल्ले होते. त्याची गांडुळं वेगळ्या जातीची, इंग्लंडच्या मातीतली, हे मान्य. तरी एवढं कळतं की कांदा म्हणजे काही विष नव्हे. वाळकी टरफलं बिनधास्त टाका, ती कागदासारखीच सावकाश जातात. कच्च्या कांद्याच्या दोन-चार चकत्याही पुरल्या तर चालतात, गांडुळं काही दिवस त्या कोपऱ्यात फिरकत नाहीत आणि वास उतरला की येतात. पण घरी पार्टी झाली आणि वाडगाभर चिरलेला कांदा उरला तर तो सगळा आत ढकलू नका, बाल्कनीत उभं राहवणार नाही.

लिंबाचं जरा वेगळं आहे. आंबटपणा तर आहेच, पण सालीतलं जे तेल असतं ना, डोळ्यात उडालं की झोंबतं ते, त्यातलं लिमोनिन गांडुळांना खरंच बाधतं, कीटकनाशकांत वापरतात ते. भरलेल्या डब्यात आठवड्याला एखादी पिळलेली फोड, काही होत नाही. उन्हाळ्यात सरबताच्या पातेल्यानंतर उरलेल्या डझनभर साली, नको. माझी मामेबहीण नागपूरला असते, तिच्याकडे हिवाळ्यात संत्र्यांच्या सालींची टोपलीच भरते, तिला मी साली आधी उन्हात कडक वाळवायला सांगितलं, तेल बरंचसं उडून जातं, मग चुरून मूठ-मूठ टाकायच्या. अर्थात नागपूरला सालींपेक्षा मे महिना जास्त घातक. डब्यातल्या लाल गांडुळांना साधारण 15 ते 25 अंश बरे वाटतात, पस्तिशीच्या पुढे ती पळायला बघतात नाहीतर मरतात, आणि तिथे पारा पंचेचाळीसला टेकतो. डबा घरात आणा, ओलं गोणपाट घाला, आणि त्या महिन्यात खायला कमी द्या, कारण कुजताना सगळंच तापतं.

आपल्या स्वयंपाकघराचा खरा प्रश्न मिठाचा आहे. बाहेरच्या देशांतल्या याद्यांमध्ये "शिजवलेलं अन्न नको" एवढंच असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं उकडलेला बटाटा कशाला नको? उकडलेला बटाटा चालतो हो. बटाट्याची भाजी नाही चालत, कारण फोडणी, तेल, मीठ, मोहरी. मीठ ओल्या कातडीतलं पाणी ओढून घेतं आणि तेल खाद्याला वेढून बसतं, आत हवा पोचत नाही, मग ते कुजायच्या ऐवजी सडतं आणि खवट वास सुटतो. आणि मीठ लपलेलं पण असतं बरं का. लोणच्याच्या फोडी सगळ्यांच्या लक्षात येतात, आमसुलं कोणाच्या लक्षात येत नाहीत. आमटीतून काढून टाकलेलं आमसूल म्हणजे मीठ आणि आंबट दोन्ही एकदम. सोलकढीचा नारळाचा चोथा, त्यात अजून दूध-तेल असतं, तो चमचाभर ठीक, वाटीभर नको. बिनमिठाचा कोरडा भात थोडा मोकळा करून पुरला तर जातो, पण त्याचा गोळा बसतो, आंबतो, चिलटं येतात. मला विचाराल तर भात उरला की सकाळी फोडणीचा भात करा, गांडुळांच्या वाट्याला कशाला जातो तो.

चहाचा चोथा गांडुळांना फार आवडतो, पण आपला चहा म्हणजे दूध, साखर, आलं, सगळं एकत्र उकळलेलं. तसाच टाकला की दूध नासतं आणि साखरेवर मुंग्यांची रांग लागते. गाळणं सरळ नळाखाली धरायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत चोथा धुवायचा, पिळायचा आणि टाकायचा. दोन दिवसांनी वरचं गोणपाट उचलून बघा, चोथ्याचा थर हललेला असतो, बोटाने बाजूला केला की खाली पातळ, गुलाबी, दोऱ्याएवढी पिल्लं, आणि नशीब असेल तर पिवळसर, दोन्ही टोकांना निमुळते, ज्वारीच्या दाण्याएवढे कोष. एका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात, साधारण तीन आठवड्यांनी. कोष दिसायला लागले की समजायचं डबा बसला. टी-बॅग मात्र फाडून आतली पूडच टाका, बऱ्याच बॅगांच्या कागदात प्लास्टिक असतं आणि महिन्यांनी खत चाळताना त्या जाळ्या तशाच निघतात.

आंब्याच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन येतात. साली चालतात, कोयी चालतात, सगळं चालतं, पण एका वेळी नाही. डझनभर हापूसच्या साली एकदम टाकल्या की त्या आंबतात, ताडीसारखा वास सुटतो, मधला भाग हाताला गरम लागतो आणि गांडुळं झाकणावर चढून बसतात. हात घालून बघायची लाज वाटू देऊ नका, आत कोमट लागलं की त्या दिवशी काही टाकायचं नाही, उलट सुका पाचोळा मिसळायचा. साली तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि थोड्या थोड्या काढल्या तर अजून छान, एकदा गोठून वितळल्या की लवकर मऊ पडतात. कोय काही लवकर संपत नाही, तिचं कवच महिनोन् महिने राहतं, पण आतला भाग सुटायला लागला की कवचाच्या फटीत गांडुळं अशी दाटीवाटीने बसतात की कोय उचलली तर घोसच्या घोस लोंबतो. कधी तिला कोंब पण फुटतो, तांबूस पानांचा. या डब्यात खताच्या मोठ्या ढिगासारखी उष्णता होत नाही म्हणून बिया मरत नाहीत, टोमॅटो, पपई, भोपळा, सगळ्यांची रोपं येतात, उपटून तिथेच टाकायची.

तेवढी उष्णता नसते यावरूनच अजून एक उत्तर मिळतं. कुत्र्या-मांजराची शी टाकू का असं विचारणारे आता बरेच झालेत. नको. मांजराच्या शीमध्ये टोक्सोप्लाझ्मा नावाचा, माणसालाही बाधणारा परजीवी असू शकतो, कुत्र्याच्यात जंतांची अंडी, आणि डबा तेवढा तापत नाही त्यामुळे ती मरतील याची खात्री नाही, आणि तेच खत तुम्ही कोथिंबिरीला घालणार. शेण चालतं, पण ताजं नाही, ताजं शेण तापतं आणि त्याला अमोनियाचा वास मारतो, दहा-पंधरा दिवस पसरून ठेवलेलं घ्या. आणि गोठेवाल्याला एवढं विचारा की गुरांना एवढ्यात जंताचं औषध दिलंय का, कारण ते औषध शेणातून बाहेर पडतं आणि गांडुळांवर पण चालतं.

निर्माल्याचं लोकांना श्रद्धेपोटी टाकायचं असतं आणि चांगलीच गोष्ट आहे, नदीत किंवा खाडीत पिशवीसकट फेकण्यापेक्षा कितीतरी बरं. पण आधी हार उसवा. दोरा बहुतेक नायलॉनचा, मधे जरीचा धागा, तळाला प्लास्टिकचं लोलक. झेंडूच्या पाकळ्या, जास्वंद, शेवंती, तुळस, दूर्वा सगळं जातं, बेलाची आणि आंब्याची पानं सावकाश. विकतच्या फुलांवर फवारणी असते म्हणून मी ती रात्रभर पाण्यात ठेवतो. कुंकू, कापूर, अगरबत्तीची राख बाजूला. नारळाची शेंडी फेकू नका, तळाला अंथरायला तिच्यासारखं काही नाही, पाणी निथळतं आणि हवा खेळती राहते.

आणि मासळी. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मे मालवणी, त्यामुळे हा प्रश्न अगदी मनापासून येतो. कोलंबीची टरफलं कुजणार नाहीत असं नाही, कुजतातच, मातीला चांगली पण असतात. पण बाल्कनीच्या डब्यात ती कुजेपर्यंत मांजरं, उंदीर आणि खालच्या मजल्यावरच्या आजी तिन्ही तुमच्या दारात येतील. चिकनची हाडं, दूध, पनीर, तूप यांचंही तेच. हे सगळं पालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्या, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही, घरातला सगळा ओला कचरा गांडुळांनीच खायला हवा असा काही नियम नाही. अंड्याची टरफलं मात्र आठवणीने टाका, धुऊन, वाळवून, मिक्सरमधून काढून. त्याने आंबटपणा कमी होतो आणि गांडुळांच्या पोटात दळायला कण मिळतात. घरात अंडं येत नसेल तर मूठभर बारीक माती पुरे. कोणी पानाचा चुना टाकायला सांगितला तर ऐकू नका, ओल्यात तो भाजतो.

ज्याबद्दल कोणी विचारतच नाही ती गोष्ट म्हणजे सुकं. सगळे काय ओलं टाकू एवढंच विचारतात आणि मग डब्याला वास येतो म्हणतात. भाजीची सालं म्हणजे जवळजवळ पाणीच, कलिंगड तर विचारू नका, त्याला जोडीला कागद, पुठ्ठा, पाचोळा हवाच, मी जेवढं ओलं टाकतो साधारण तेवढंच सुकं घालतो, मापाने नाही, अंदाजाने. ऑनलाइन सामान येतं त्या खोक्यांची चिकटपट्टी काढून पुठ्ठा भिजवून फाडून टाकला की गांडुळं त्याच्या नळ्यांत घुसून राहतात. वर्तमानपत्र चालतं. चकचकीत पुरवण्या, लग्नपत्रिका, दुकानाची गुळगुळीत बिलं नाहीत, त्या बिलांवर रसायनाचा थर असतो. "बायोडिग्रेडेबल" लिहिलेल्या पिशव्या पण नाहीत, त्यातल्या बहुतेकांना कारखान्यातल्या मोठ्या खतप्रकल्पाची उष्णता लागते, आपल्या डब्यात त्या वर्षभर ठणठणीत राहतील.

किती टाकायचं? किलोभर गांडुळं असतील तर सगळं जमून आलेल्या डब्यात रोज अर्धा किलोपर्यंत खातात असं धरतात, पण नव्या डब्यात पावशेराहूनही कमी देऊन सुरू करा, मागचं दिसेनासं झालं की पुढचं. आणि पहिल्या पावसात अंगणात निघतात ती गांडुळं आणून टाकू का, तर नको. ती मातीत खोल राहणारी, त्यांना माती लागते, डब्यात तग धरत नाहीत. आपल्याला लागतात ती पालापाचोळ्यात वरवर राहणारी, आयसेनिया फेटिडा नाहीतर युड्रिलस या जातींची, गांडूळखत करणाऱ्यांकडे किलोवर मिळतात.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, "आम्ही पंधरा दिवस गावाला चाललोय, उपाशी मरतील का?" नाही मरत, भिजवलेला पुठ्ठा आणि थोडी दुधी-भोपळ्याची सालं घालून गोणपाट ओलं करून गेलात की पुरे, महिनाभरही निघतो, फक्त डब्यावर ऊन येत नाही ना ते बघा. पण निघायच्या आदल्या रात्री फ्रीज रिकामा करताना जे काही हाताला लागेल, अर्धी काकडी, आंबलेलं पीठ, चार दिवसांची उसळ, ते सगळं "तेवढंच त्यांना होईल" म्हणून डब्यात ओतू नका.