मिळालेली आयआयटी सोडताना

2023 च्या जूनमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन वह्या असायच्या. जोसाची, म्हणजे आयआयटींच्या केंद्रीय जागावाटपाची निळी, बिट्स या खाजगी विद्यापीठाची हिरवी आणि सीईटीच्या कॅप राउंडची, म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाची लाल. सई, माझी धाकटी लेक, तिच्या प्रवेशाचं वर्ष. आयआयटीची प्रवेश परीक्षा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, तिच्यातली सईची रँक पाच आकडी होती, पण 2018 पासून आयआयटीत मुलींसाठी वाढीव जागा सुरू झाल्यात. त्यामुळे पहिल्याच राउंडला एका जुन्या, नावाजलेल्या आयआयटीत तिला मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्राची ब्रँच लागली. इलेक्ट्रिकल नव्या आयआयटींमध्येही थोडक्यात हुकत होती. त्याच आठवड्यात बिट्सच्या गोवा कॅम्पसला इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स मिळेल असं दिसायला लागलं. आणि लाल वहीत पुण्याचं सीओईपी, जुनी सरकारी इंजिनिअरिंग संस्था, जिथे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची आशा होती, पण कॅपच्या याद्या लागायला अजून बराच अवकाश होता.

आम्ही सांगलीचे. मी हायस्कूलला गणित शिकवते, मिस्टर सहकारी बँकेत आहेत. दोघांच्या पगारावर घर व्यवस्थित चालतं, पण बिट्सला लागणारे 25 लाख हा आकडा आमच्या घरात तोपर्यंत फक्त फ्लॅटच्या संदर्भात उच्चारला गेला होता.

जागा लागल्याचं कळलं त्या संध्याकाळी मोठे भाऊजी पेढे घेऊन आले. हिरवी वही बघून म्हणाले, "वहिनी, आयआयटी हातात असताना खाजगीचा विचार तरी कशाला? शिक्का जन्मभर पुरतो." त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. आमच्या पिढीच्या मनात खाजगी इंजिनिअरिंग म्हटलं की एकच शब्द येतो, डोनेशन. 1983 मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्यामुळे आमच्या भागातली कितीतरी पोरं इंजिनिअर झाली. पण पाठोपाठ 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध, म्हणजे याच डोनेशनविरुद्ध कायदा करावा लागला, हेही आम्ही पाहिलंय. गुण कमी पडले की पैसे मोजून घेतात ती सीट खाजगी, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं.

म्हणून आधी हे समीकरण बिट्सला लागू पडतं का, ते मी तपासलं. राजस्थानातल्या पिलानीची ही संस्था 1964 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. सुरुवातीच्या वर्षांत फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने अमेरिकेतल्या एमआयटीशी सहकार्य होतं, अभ्यासक्रमाची घडण त्या काळातली. 2005 पासून प्रवेश बिटसॅट या स्वतःच्या परीक्षेवर. मॅनेजमेंट कोटा नाही, डोनेशन नाही, वेगवेगळ्या बोर्डांत पहिल्या आलेल्यांना थेट प्रवेश सोडला तर जवळपास सगळे त्याच यादीतून. आरक्षणही नाही, आणि हे मला शिक्षिका म्हणून खटकतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी हुशार मुलांना आयआयटीचं दार आरक्षण आणि फी माफी यांच्यामुळे उघडतं. बिट्सचं दार त्यांना इतकं सहज उघडणार नाही. ही उणीव मी सईच्या बाबतीत तोलली नाही, कारण तिला ती लागू नव्हती, पण मनात नोंदवून ठेवली.

खाजगी म्हटल्यावर सगळं एकाच मापाने मोजता येत नाही, हे त्याच दिवसांत दुसऱ्या एका विद्यापीठाने शिकवलं. सईने कधीतरी कुठल्याशा फॉर्ममध्ये माझा नंबर टाकला होता. तिथून रोज फोन. "मॅडम, आज रात्री बारापर्यंत सीट ब्लॉक केली नाही तर शिष्यवृत्ती जाईल." मी विचारलं, मागच्या वर्षी तुमच्याकडून किती मुलं पास झाली आणि त्यातल्या किती जणांना नोकरी लागली? उत्तरादाखल सर्वात मोठ्या पॅकेजचा आकडा आला. पुन्हा विचारलं, पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदा मी फोन ठेवला.

इथे माझा विषय कामी आला. दहावीच्या वर्गात मी दर वर्षी मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवते. पाच मुलांचे पगार 6, 7, 8, 9 आणि 70 लाख धरा. सरासरी येते 20 लाख, आणि पाचातल्या चौघांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. मध्यक मात्र 8 सांगतो, म्हणजे मधल्या मुलाचं खरं काय झालं ते सांगतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला माहिती भरावी लागते, त्यात पगाराचा मध्यक असतो, किती जण पदवीधर झाले, किती जण पुढे शिकायला गेले तेही असतं. ही माहिती संस्थांच्या वेबसाइटवर असते, शोधावी लागते एवढंच. मी तीन वर्षांच्या पीडीएफ काढून कागदावर उतरवल्या. रँकिंगच्या क्रमांकापेक्षा हे तक्ते मला जास्त उपयोगी पडले. क्रमांकात शंभरातले 10 गुण लोकमताचे असतात, संशोधनाचे 30. दोन्ही महत्त्वाचे, पण बी.ई. करणाऱ्या मुलीच्या रोजच्या दिवसाशी त्यांचा थेट संबंध कमी. तक्त्यांतही एक अडचण आहे. मध्यक सगळ्या ब्रँचचा एकत्र असतो. नावाजलेल्या आयआयटीचा मध्यक बघून मेटलर्जीच्या मुलाचं चित्र कळत नाही.

म्हणून फोन लावले. सईच्या क्लासमधले, शेजाऱ्यांचे, माझे जुने विद्यार्थी. मी टॉपरना मुद्दाम टाळलं. मला सात-साडेसात सीजीपीएवाली, म्हणजे मधल्या गुणांची मुलं हवी होती. आयआयटीत मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा एक विद्यार्थी तासभर बोलला. म्हणाला, "बाई, आमच्या लॅब फार चांगल्या आहेत. मटेरियल्सची आवड असेल तर डोळे झाकून पाठवा. पण ब्रँच बदलून घेऊ म्हणून येणार असेल तर नको." काही आयआयटींनी पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलण्याची सोय बंदच केली आहे आणि जिथे आहे तिथेही ती वर्गातल्या मोजक्या मुलांनाच मिळते. त्याच्या बरोबरची निम्मी मुलं कोडिंगच्या नोकऱ्यांची तयारी करत होती. स्वतः तो मात्र पीएच.डी.ला जाणार होता आणि खूश होता.

सईला मेटलर्जीची आवड आहे का? हा प्रश्न आम्ही तोपर्यंत विचारलाच नव्हता! सातवीत असल्यापासून ही पोर सोल्डरिंग गन घेऊन बसते. आजोबांचा रेडिओ तिने दोनदा खोलून दुरुस्त केला. तिला विचारल्यावर बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, आयआयटीला नाही म्हणायची मला भीती वाटते." मेटलर्जीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. सगळी भीती नावाची होती.

बिट्सच्या मुलांशी बोलताना एक शब्द परत परत यायचा, पीएस. प्रॅक्टिस स्कूल. 1973 पासून चालत आलेली ही पद्धत आहे आणि माझ्या दृष्टीने या विद्यापीठाचं सगळ्यात मोठं बळ तेच. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात साधारण दोन महिने, आणि शेवटच्या वर्षी जवळजवळ साडेपाच महिने, विद्यार्थी कंपनीत किंवा प्रयोगशाळेत जाऊन काम करतात. विद्यापीठाचा शिक्षक त्यावर देखरेख ठेवतो, मूल्यमापन होतं, श्रेणी मिळते आणि ती सीजीपीएत धरली जाते. इंटर्नशिप सगळीकडेच असतात, पण बहुतेक ठिकाणी ज्याने स्वतः शोधली त्याची. हुशार आणि बोलक्या मुलाला चांगली मिळते, मागच्या बाकावरच्याला नातेवाइकाच्या कारखान्याचं प्रमाणपत्र. इथे जागा शोधणं ही विद्यापीठाची जबाबदारी आहे आणि ती सगळ्यांसाठी आहे. मुलं पसंतीक्रम भरतात, वाटप होतं. सगळ्यांना मनासारखं मिळत नाही, हेही त्या मुलांनी स्पष्ट सांगितलं. ज्याला संशोधन करायचंय तो शेवटच्या सत्रात प्रबंध घेऊ शकतो. माझा मधला मुलगा, म्हणजे मध्यक, या व्यवस्थेत सुटून जात नाही, हे मला पटलं.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. बिट्सला विद्यार्थी आपलं वेळापत्रक स्वतः रचतात, एकच विषय दोन शिक्षक शिकवत असतील तर कुणाच्या वर्गाला बसायचं तेही निवडता येतं. हजेरीची सक्ती नाही. मिस्टर इथे अडले. "हजेरीच नाही तर पोरं वर्गात जातील कशाला?" मलाही धास्ती होती. एका मुलाने मान्य केलं की पहिलं वर्ष त्याने झोपून घालवलं आणि त्याची किंमत मोजली. मग मी सईकडे बघितलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिने सकाळी पाचला स्वतः उठून अभ्यास केला होता, मी एकदाही हाक मारली नव्हती. दुसऱ्या एखाद्या मुलासाठी हाच मुद्दा मी उलट्या पारड्यात टाकला असता.

मिरजेहून गोवा एक्सप्रेसने आम्ही तिघं वास्कोला जाऊन कॅम्पसही बघून आलो. झुआरीनगरला टेकडीवर आहे, 2004 चा. सुट्टीमुळे शुकशुकाट होता, पाऊस होता, इमारती देखण्या. याहून जास्त काही त्या भेटीतून निघालं नाही. कॅम्पस बघून निर्णय घेऊ असं म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, वर्ग भरलेले असताना जा.

आयआयटीची बाजूही मी निळ्या वहीत प्रामाणिकपणे लिहिली होती. शिकवणी शुल्क वर्षाला 2 लाख, म्हणजे चार वर्षांचे 8 लाख. उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ, 5 लाखांपर्यंत असेल तर दोन तृतीयांश माफ. सरकारचा पैसा असल्याने संशोधनाच्या सोयी मोठ्या. आणि नाव. नावाला किंमत नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. आपल्याकडे सोसायटीच्या वॉचमनपासून परदेशी प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना आयआयटी कळते, बिट्स इंजिनिअरिंगच्या वर्तुळात कळते. सईला मटेरियल्स आवडलं असतं, किंवा तिला इलेक्ट्रिकल कुठल्याही आयआयटीत मिळालं असतं, तर मी हिरवी वही तिथेच मिटली असती.

सीओईपीचं मला वाईट वाटलं. 1854 ची संस्था, 2022 मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली, घरापासून चार-पाच तासांवर, आणि फी बिट्सच्या तुलनेत फारच कमी. पण तिन्ही प्रक्रियांची वेळापत्रकं एकमेकांची वाट बघत नाहीत. जोसाचे राउंड आणि बिट्सच्या याद्या जून-जुलैत बरोबरीने चालतात, कॅप त्यांच्या मागून येते. म्हणजे लाल वहीत नक्की काय मिळणार हे कळायच्या आत निळ्या आणि हिरव्याचा निकाल लावायचा. त्यात जोसाची जागा स्वीकारतानाचे तीन पर्याय, फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळालं ते पक्कं. स्लाइड म्हणजे त्याच संस्थेत वरची ब्रँच मिळाली तर घेईन. फ्लोट म्हणजे कुठेही पसंतीक्रमातली वरची जागा चालेल. आम्ही फ्लोट ठेवलं, सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरली, आणि बिट्सचीही प्रवेश फी भरली. दोन्हीकडे पैसे अडकले होते, म्हणून परताव्याच्या तारखा लाल शाईने कॅलेंडरवर लिहिल्या. यूजीसी फी परताव्याचं परिपत्रक काढते, त्याची प्रत मी छापून फाइलला लावली. शेवटच्या राउंडच्या आधी जोसातून बाहेर पडता येतं, नंतर ती सोय राहत नाही, ही तारीख सगळ्यात मोठ्या अक्षरात.

आता पैसे. वसतिगृह धरून बिट्सचा चार वर्षांचा खर्च 25 लाखांच्या आसपास जाणार होता. आयआयटीच्या दुपटीहून जास्त. बिट्समध्ये गुणवत्ता आणि गरज यांवर शिष्यवृत्ती आहे, पण आमचं उत्पन्न बघता तिच्यावर हिशेब मांडणं चुकीचं ठरलं असतं. तेव्हा शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नसे, त्यापुढे बहुतेकदा लागायचं. आम्ही घर तारण ठेवलं. हे लिहायला एक ओळ लागते, पण त्या दिवशी मिस्टर बँकेतून आले तेव्हा चहा न घेता गॅलरीत उभे राहिले होते. स्वतः बँकेत असल्यामुळे त्यांना कागदावरच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत होता. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात, पण व्याज मधल्या काळातही चढत राहतं. म्हणून आम्ही पहिल्या महिन्यापासून फक्त व्याज भरतो. जुन्या करप्रणालीत त्या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत. कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने बँकेत हे विचारावं: आत्ता व्याज भरलं तर शेवटचा हप्ता किती, नाही भरलं तर किती. दोन आकडे शेजारी लिहून मागावेत.

जोसातून माघार घ्यायच्या आदल्या रात्री नानांना, माझ्या वडिलांना फोन केला. ते निवृत्त मुख्याध्यापक. मला वाटलं रागावतील. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिला काय शिकायचंय?" मी म्हटलं, सर्किट्स. "मग तू मला कशाला विचारतेस?"

सकाळी सईने लॉगिन केलं. माघारीच्या बटणावर तिचा हात थांबला. मी काही बोलले नाही, मिस्टरही नाही. तिने दाबलं आणि आत जाऊन रडली. दुपारी भाऊजींना मीच फोन करून सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "जाताना मी गाडी घेऊन येतो, सामान जास्त असेल." आणि खरंच, ऑगस्टमध्ये तेच आम्हाला झुआरीनगरला घेऊन गेले.

2025 च्या उन्हाळ्यात सईचं पहिलं प्रॅक्टिस स्कूल झालं. पसंतीक्रमातली सातवी जागा मिळाली, पहिली नाही. दोन महिने ती एका बोर्डवर पॉवर सप्लायमधला नॉइज, म्हणजे विजेच्या दाबातली नको असलेली थरथर, कमी करायचं काम करत होती. घरी आली तेव्हा नानांचा तो जुना रेडिओ पुन्हा खोलला, आतला एक कपॅसिटर काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि अर्धा तास मला समजावत बसली की तेव्हा सातवीत तिने तो कसा चुकीचा बसवला होता.