कोचचं गॅदरिंग

मे 2018 मध्ये लेकाच्या शाळेकडून निरोप आला : बेसबॉल बँक्वेट, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. बँक्वेट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे झुंबरंच आली. मी कोट चढवला, टाय बांधला. बायकोने नारायणपेठ नेसली. पोचलो तर ते शाळेचं कॅफेटेरिया निघालं. कागदी प्लेटा, अर्ध्या चड्डीतले आणि टोपीतले बाप, आणि हॉलभर ब्रिस्केटच्या धुराचा वास. ह्यूस्टनच्या पश्चिमेला मे महिन्यात टाय बांधून घाम पुसणारा मी एकटाच होतो.

प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा होता. आमच्याकडून पातळ पोह्यांचा चिवडा होता, स्टीलच्या मोठ्या डब्यात. झाकणावर बायकोच्या मामांचं नाव आणि आमच्या लग्नाची तारीख कोरलेली. बार्बेक्यूच्या रांगेत चिवडा म्हणजे मांडवात चुकून शिरलेला पाहुणा, पण संपला बुवा. आम्ही दोघांनी बीन्स भरपूर वाढून घेतल्या आणि चौथ्या घासाला कळलं की त्यात बेकन आहे.

मी वाट बघत होतो ती अध्यक्षांची. आमच्या कराडच्या शाळेत गॅदरिंग म्हणजे आधी दीपप्रज्वलन, मग ईशस्तवन, मग अहवालवाचन, मग प्रमुख पाहुणे. तोवर मागच्या रांगेत कागदी बाण उडायला लागलेले. इथे जेवणं झाल्यावर एक उंच, गुडघ्यात जरा अवघडलेला माणूस उठला, हातात चुरगळलेला कागद. माइकला टकटक केलं आणि थेट पोरांची नावं घ्यायला लागला. प्रत्येकावर दोन ओळी. आधी हशा, मग टाळ्या. चार नावं झाल्यावर मी बायकोच्या कानात म्हटलं, ‘‘अगं, हे तर फिशपाँड आहेत!’’

फरक एवढाच, की आमचे फिशपाँड निनावी असायचे आणि त्यात निम्म्यांचे हिशेब चुकते व्हायचे. इथे टाकणारा समोर उभा होता, आणि त्याने प्रत्येक पोराला वर्षभर पाहिलं होतं. आमचे चिरंजीव नववीच्या संघातले, तेही बहुतेक वेळ बाकावर. करायला काही नाही म्हणून स्कोअरबुक लिहायला लागले होते. बेसबॉलच्या वहीत चेंडू टाकणारा पिचर 1, तो झेलणारा कॅचर 2, असे जागांचे आकडे 9 पर्यंत जातात. तीन चेंडू वाया घालवून बाद होणं म्हणजे स्ट्राइकआउट. बॅट फिरवून झाला तर K, आणि नुसता बघत उभा राहून झाला तर K उलटा लिहायचा. कोच म्हणाले, ‘‘या मुलाला मी तीन वेळा बॅटिंगला पाठवलं. तिन्ही उलटे K त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेत. अक्षर बघा, जराही हललेलं नाही.’’

सगळे हसले. चिरंजीव लाल झाले. ती वही अजून आमच्याकडे आहे.

या माणसाला मी आधी एकदा पाहिलं होतं. ऑगस्ट 2017 च्या अखेरीस हार्वी वादळ आलं. पाऊस थांबला तरी आमच्या भागातलं पाणी चढतच होतं, कारण ॲडिक्स आणि बार्कर या दोन धरणांतून पाणी सोडावं लागलं होतं. ओसरल्यावर घरात गाळ, आणि भिजलेल्या भिंती. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले शीटरॉकचे तक्ते. चार-पाच दिवसांत कापून काढले नाहीत तर बुरशी धरते. मी हातात करवत घेऊन नुसता उभा होतो, तेवढ्यात दारात एक पिकअप थांबली. मागे सात-आठ पोरं, हातांत सब्बल आणि हातोड्या. हाच माणूस आत येऊन म्हणाला, ‘‘किचनपासून धरू या?’’ नाव सांगितलं नाही, आमचं विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत खालचा मजला चार फुटांपर्यंत सोलून झाला आणि ते पुढच्या घरी गेले. आमचा लेक त्याच शाळेत नववीला आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. पुढे 1 नोव्हेंबरला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोज संघाने पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकली, सगळं ह्यूस्टन भगवं-केशरी झालं, आणि गल्ली क्रिकेटवर वाढलेल्या बापाचा हा मुलगाही जानेवारीत निवड चाचणीला जाऊन उभा राहिला.

कोचना सगळे कोचच म्हणतात. पोरं, बाप, प्रिन्सिपल, बहुधा त्यांची बायकोसुद्धा. टेक्ससमध्ये थट्टेने म्हणतात, की इथे इतिहासाच्या सगळ्या मास्तरांचं नाव एकच असतं : कोच. आमचे कोचही अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवत. पगार शिक्षकाचा, कोच म्हणून वर थोडा भत्ता. त्या भत्त्यात काय काय येतं ते मला हळूहळू कळलं. बाहेरच्या सामन्याला बस स्वतः चालवायची, त्यासाठी अवजड वाहनाचा परवाना काढलेला. गवत कापायचं. पिचरच्या उंचवट्याची माती ठोकायची. तो होम प्लेटपेक्षा, म्हणजे फलंदाजापुढच्या पाटीपेक्षा, 10 इंच उंच लागतो, आणि कोच दर सोमवारी दोरी ताणून, पाणसळ लावून तो मोजत. पाऊस पडला की पोत्यातली कोरडी माती खेळपट्टीवर पसरायची. आमच्या शाळेत कबड्डीचं मैदान शिपाईमामांबरोबर सर आखायचे, हातात फक्कीचं घमेलं. मला ते घमेलंच आठवायचं.

स्वतःबद्दल हा माणूस कधी बोलला नाही. त्यांची हकीकत आम्हाला बँक्वेटमध्येच तुकड्या-तुकड्यांनी मिळाली, तीही जुन्या पोरांकडून. तिथे रीत अशी की आदल्या वर्षी बाहेर पडलेली पोरं परत येतात आणि वाढपी होतात. कमरेला एप्रन, हातात डाव. आणि वाढता वाढता बोलतात. कळलं ते असं : जन्म पश्चिम टेक्ससमधल्या एका लहान गावातला, वडील तेलाच्या रिगवर. 1986 मध्ये तेलाचे भाव कोसळले तेव्हा वडिलांचं काम गेलं. त्याच वर्षी हे बारावी झाले. कॅचर असल्यामुळे एका ज्युनियर कॉलेजने (इथे ते बारावीनंतरचं, दोन वर्षांचं) फी माफ केली. मग धंदेवाईक बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, अगदी तळच्या पायरीवर, दोन उन्हाळे. रात्रभर बस, सकाळी सराव. कॅचर म्हणजे अख्खा सामना उकिडवं बसायचं. गुडघा गेला. उरलेलं शिक्षण पुरं केलं, शिक्षकाचा परवाना घेतला, आणि कुठल्याशा शाळेत दुसऱ्या संघाचे मदतनीस म्हणून लागले.

2019 च्या बँक्वेटला एक चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आला होता. दरवर्षी येतो म्हणे. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला लांब, पांढरट व्रण. फिशपाँड संपल्यावर कोचनी त्याला जवळ बोलावलं आणि पोरांना सांगितलं ते मी जमेल तसं मराठीत देतो. ‘‘हा माझा पहिला चांगला पिचर. वय सतरा. प्ले-ऑफचा सामना होता आणि मला तो जिंकायचा होता. मी याला 141 चेंडू टाकायला लावले. तीन दिवसांनी पुन्हा उभा केला. हा नाही म्हणाला नाही, कारण सतरा वर्षांचं पोर कोचला नाही म्हणत नसतं. याचं कोपर माझ्यामुळे गेलं.’’

हॉलमध्ये कोणी काटासुद्धा खाली ठेवेना. तो गृहस्थ कोचच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘सामना जिंकलो होतो मात्र.’’ तेव्हा कुठे लोक हसले.

त्या कोपरावर जे ऑपरेशन झालं त्याला टॉमी जॉन म्हणतात. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये त्या नावाच्या पिचरवर ते पहिल्यांदा केलं : दुसरीकडचा स्नायुबंध काढून कोपरात ओवायचा. टॉमी जॉन त्यानंतरही बरीच वर्षं खेळला. आमचा हा गृहस्थ पुन्हा पिचर झाला नाही. कोचच्या खिशात तेव्हापासून मोजणीचं यंत्र आलं, एसटीचा कंडक्टर जसा तिकिटाचा चिमटा वाजवायचा तसं अंगठ्याने टिकटिक करायचं. हायस्कूलच्या पिचरवर चेंडूंची मर्यादा घालण्याची सक्ती देशभर 2017 च्या हंगामापासून आली. टेक्ससमध्ये मोठ्या मुलांना जास्तीत जास्त 110, आणि तितके टाकले तर चार दिवस विश्रांती. कोच त्याआधी कितीतरी वर्षं नव्वदला पिचर बदलत होते. हातातले दोन सामने त्यापायी गेल्याचं मी स्वतः पाहिलंय. मागे बसलेले बाप काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात मीही होतो.

त्याच संध्याकाळी कुणीतरी कोचना बिग लेकची गोष्ट सांगायला लावली, ‘तुमच्याच मुलखातली’ म्हणून. टेक्ससात ती लहान पोरांनाही पाठ असते. बिग लेकच्या रेगन काउंटी हायस्कूलमध्ये जिम मॉरिस नावाचा विज्ञानशिक्षक बेसबॉलचा कोच होता. तरुणपणी खांदा-कोपर निकामी होऊन खेळ सुटलेला. पोरांनी पैज घातली : आम्ही डिस्ट्रिक्टचं अजिंक्यपद मिळवतो, तुम्ही मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या, चाचणीला जायचं. पोरं जिंकली. 1999 च्या उन्हाळ्यात हा पस्तिशीचा मास्तर आपली तीन लहान मुलं सोबत घेऊन चाचणीला गेला आणि ताशी 98 मैलांनी चेंडू टाकला. 18 सप्टेंबर 1999 ला आर्लिंग्टनच्या मैदानावर तो टँपा बेच्या संघाकडून खरोखर उतरला आणि समोरच्या पहिल्याच फलंदाजाला, रॉइस क्लेटनला, स्ट्राइकआउट केलं. त्यावर पुढे सिनेमाही निघाला. सगळे 98 या आकड्याशी थांबतात. कोच थांबले ते भलतीकडेच : ‘‘पोरांनी आपलं वचन आधी पाळलं. मग मास्तरला पळवाट कुठे उरली?’’

तिसऱ्या वर्षी बँक्वेट झालंच नाही. 13 मार्च 2020 ला, शुक्रवारी, सामने थांबले. 17 एप्रिलला राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने उरलेला हंगाम रद्द केला. बारावीची पोरं तशीच घरी बसली. त्या एप्रिलमध्ये टेक्ससच्या शाळांनी एक गोष्ट केली : रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे 20:20 ला, रिकाम्या मैदानांचे दिवे लावायचे आणि 20 मिनिटं 20 सेकंद चालू ठेवायचे. 2020 च्या तुकडीसाठी. आम्ही गाड्या कुंपणाबाहेर ओळीने लावल्या, काचा वर. दिवे लागले. धावफलकावर एकीकडे 20, दुसरीकडे 20. कोच एकटेच मैदानात होते, मास्क लावून, हातात हँगरला लावलेल्या जर्सी. ते एकेक जर्सी ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवत गेले. शॉर्टस्टॉपची दोन बेसच्या मध्ये, पिचरची उंचवट्यावर, सेंटर फील्डरची पार लांब. तिथपर्यंत लंगडत जाऊन यायला त्यांना बराच वेळ लागला. मग लाउडस्पीकरवरून फिशपाँड. चुरगळलेला कागद तोच. हशाच्या जागी गाड्यांचे हॉर्न वाजत होते. शेजारच्या गाडीतली एक आई, जिच्याशी तीन हंगामांत माझं ‘हाय’पलीकडे बोलणं झालं नव्हतं, तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि हॉर्न वाजतच राहिला.

आमच्या लेकाचं शेवटचं वर्ष 2021. फेब्रुवारीत सराव ऐन रंगात असताना टेक्ससमध्ये हाडं गोठवणारी थंडी पडली, वीज गेली, नळ फुटले. त्यात डगआउटमागचा, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या शेडमागचा, नळही. बँक्वेट मे महिन्यात मैदानावरच, अंतर राखून मांडलेल्या घडीच्या खुर्च्यांवर. चिरंजीव तोवर लेफ्ट फील्डर झाले होते, म्हणजे आपल्याच वहीतला 7 नंबर. कोच म्हणाले, ‘‘मी बॅटिंगच्या यादीचा क्रम चार वर्षांत तीनदा चुकवला. तिन्ही वेळा यानेच पकडलं, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या लक्षात यायच्या आत माझ्या कानात सांगितलं. याच्या बॅटने मला फार सामने दिले नाहीत. कानाने दिले.’’ आमच्या आडनावाचं तोवर त्यांनी दोन अक्षरांत आवरतं घेतलं होतं, त्याच हाकेने बोलावून त्याला कागद दिला. बायको मास्कच्या आत काय करत होती मला दिसलं नाही.

राहता राहिला तो डबा. पहिल्या वर्षीच तो तिथे राहून गेला होता. बायकोला दुसऱ्या दिवशी आठवला, मग मागायचा कसा यात एक वर्ष गेलं, आणि नंतर तो डगआउटमध्येच दिसायला लागला. बॅटच्या मुठीला लावायचं चिकट पाइन टार, खडू, तुटलेल्या ग्लोव्हच्या वाद्या असलं काय काय त्यात. झाकणावर मामांचं नाव तसंच. 2022 च्या मे महिन्यात चिरंजीव एप्रन बांधून बीन्स वाढायला गेले, तेव्हा कोचनी त्याला विचारलं की त्यावर लिहिलंय काय. संघात म्हणे चार वर्षं अशी समजूत होती, की तो एखादा मंत्र आहे आणि म्हणून डबा हलवायचा नाही. मंत्र नाही, आईच्या लग्नातला आहेर आहे, हे कळल्यावर कोच ओशाळले. भांडं रिकामं परत करू नये, हे लेकाने त्यांना सांगितलं असेल की त्यांच्या पश्चिम टेक्ससमध्येही तशीच रीत आहे, देव जाणे. रात्री डबा घरी आला तो गच्च भरून : खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया, डिल पिकल चवीच्या. बायकोने एक बी तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं आणि झाकण नाकाशी धरलं. पाइन टारचा वास.

‘‘निदान घासून तरी द्यायचा,’’ ती म्हणाली, आणि चिंच भिजत घालायला आत गेली.