आमची वाटचाल: पीएफच्या चलनापासून व्हिसाच्या फाइलीपर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात पीएफ आणि ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) चलनांपासून झाली. ठाण्यात नौपाड्याला दीड खोलीचं ऑफिस, वागळे इस्टेटमधले छोटे कारखानदार हे क्लायंट आणि चलन भरायची तारीख जवळ आली की सगळ्यांची पळापळ. परदेशी माणसाची कागदपत्रं कधी आमच्या टेबलावर येतील असं वाटलं नव्हतं. ती आली पीएफमुळेच.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये पीएफ योजनेत 'आंतरराष्ट्रीय कामगार' असा नवा वर्ग आला. आपल्या माणसांसाठी तेव्हा ६,५०० रुपयांची वेतनमर्यादा होती. परदेशी माणसाला मर्यादाच नाही: पूर्ण पगारावर बारा टक्के त्याचे आणि तेवढेच मालकाचे. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या एका क्लायंटकडे तेव्हा एक कोरियन इंजिनिअर होता. आकडा ऐकून शेठ म्हणाले, "मॅडम, एवढ्यात माझी अर्धी शिफ्ट निघते!" पीएफसाठी म्हणून त्या इंजिनिअरची फाइल मागवली, तर करारपत्रात हुद्दा 'टेक्निकल अॅडव्हायजर', व्हिसाच्या अर्जात 'प्रॉडक्शन मॅनेजर' आणि मस्टरवर 'सुपरवायझर'. माणूस एकच. ती फाइल मार्गी लावली, शेठनी शेजारच्या गाळ्यात सांगितलं आणि हे काम आमच्याकडे येऊ लागलं.

पुढच्याच वर्षी कामाला जोर आला. तोवर मशीन बसवायला येणारे परदेशी तंत्रज्ञ सर्रास बिझनेस व्हिसावर यायचे. २००९ मध्ये सरकारने ते बंद केलं. बैठक, खरेदी, वाटाघाटी यांसाठी बिझनेस व्हिसा. पुरवठ्याच्या कराराप्रमाणे येऊन मशीन बसवून, चालवून द्यायचं असेल तर २०२५ पर्यंत एम्प्लॉयमेंट व्हिसा लागायचा. बरीच वर्षं निम्मे फोन याच प्रश्नाचे असायचे. "पंधरा दिवसांचंच काम आहे, बिझनेसवर आणू या ना." आम्ही नाही म्हणायचो. काही जण आमच्याकडून उठून दुसऱ्या कन्सल्टंटकडे जायचे. जाऊ दिलं.

परदेशी माणूस नेमायचा तर कंपनी भारतात नोंदलेली हवी, किंवा इथे प्रकल्प घेतलेली परदेशी कंपनी हवी. इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, पॅन, आयकर विवरणपत्रं, सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र हे सगळं अकाउंटंटच्या कपाटात तयार असतं. त्याला फार डोकं लागत नाही. डोकं लागतं करारपत्राला आणि समर्थनपत्राला.

आधी करारपत्र. एम्प्लॉयमेंट व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा आहे. पूर्वी ती वर्षाला २५,००० डॉलर अशी होती, आता १६.२५ लाख रुपये आहे. पगार आणि रोख भत्ते यात धरतात. कंपनीने दिलेल्या घरासारख्या सवलतीही धरता येतात, पण आयकराच्या हिशेबात ज्या पगार म्हणून मोजल्या जातात तेवढ्याच, आणि त्यांची रुपयांतली किंमत करारात वेगळी दाखवावी लागते. मालक 'राहणं-खाणं-गाडी कंपनीची' असं एका ओळीत उरकतात. त्या ओळीला अर्जात शून्य किंमत. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या बाई अशी ओळ दिसली की काही न बोलता करार परत पाठवतात, समासात फक्त '₹?' लिहून. क्लायंट त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाबरतात.

पगार नक्की कोण देणार हेही तिथेच ठरवून घेतो. जपानी कंपनीने आपला माणूस इकडे पाठवला आणि तिथला सामाजिक सुरक्षेचा हप्ता चालू ठेवला, तर तो तिकडून कव्हरेज सर्टिफिकेट आणतो आणि इथल्या पीएफमधून सुटतो. त्यासाठी दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार लागतो: कोरियाशी तो २०११ मध्ये लागू झाला, जपानशी २०१६ मध्ये. पण तोच जपानी माणूस ठाण्याच्या कंपनीने थेट नेमला तर ही सूट नाही. दोन्हींत मालकाच्या खर्चाचा फरक एवढा मोठा असतो, की पगाराची बोलणी होण्याआधी हे कळलेलं बरं.

आता समर्थनपत्र. हा माणूसच का, भारतीय का नाही, हे मालकाने लेखी सांगायचं असतं. ज्या कामाला इथे पुरेशी शिकलेली माणसं मिळतात, किंवा जे काम नेहमीचं, कारकुनी स्वरूपाचं आहे, त्यासाठी हा व्हिसा मिळत नाही. मालकांनी आणलेली पत्रं बहुधा लग्नाच्या बायोडेटासारखी असतात: अत्यंत कुशल, अनुभवी, मनमिळाऊ. वकिलातीतल्या अधिकाऱ्याला त्यातून काय कळणार? म्हणून आम्ही नियम केला की कारखाना पाहिल्याशिवाय या पत्राचा मसुदा करायचा नाही. महाप्याच्या एका पॅकेजिंग कारखान्यात मालक तासभर बोलले, हाती काही लागलं नाही. फोरमनने दोन मिनिटांत सांगितलं, "ताई, या मशीनचा कंट्रोलर त्यांनीच बनवलाय. एरर आली की आम्ही फक्त बंद करून चालू करतो. तो बसला की आमची दोन पोरं शिकतील." पत्रात तेच गेलं: मशीन कोणतं, अडतं कुठे, कोणती दोन माणसं किती काळात शिकणार. माझ्या मते शिकवण्याची योजना लिहिलेलं एक पान पदव्यांच्या दहा प्रतींपेक्षा जास्त काम करतं.

सोबत एक हमीपत्र लागतं. त्या माणसाच्या इथल्या वागणुकीची जबाबदारी कंपनीची आणि वेळ आली तर त्याला परत पाठवण्याचा खर्चही कंपनीचा. सहीसाठी पेन उचललेले मालक इथे हमखास थांबतात.

पगाराच्या मर्यादेतून काही जणांना सूट आहे: दूतावासांचे कर्मचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक आणि दुभाषे, आणि स्वतःच्या देशाचं जेवण बनवणारे आचारी. घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलवाल्यांना थाई आचारी हवा होता. स्वयंपाकाच्या अनुभवाचे दाखले थाई भाषेत, त्यांचं भाषांतर आणि साक्षांकन करून घेतलं. सगळं जुळत आलं आणि मालक म्हणाले, "हुद्दा 'ऑपरेशन्स हेड' लिहा, पाहुण्यांसमोर बरं दिसतं." हुद्दा बदलला की सूट गेली, मग पगार सोळा लाखांच्या वर न्या, असं सांगितल्यावर 'थाई कुक' हाच शब्द त्यांना एकदम आवडू लागला. तो आचारी आला, टिकला, आणि त्याची ग्रीन करी आमच्या ऑफिसला दिवाळीत येते. फराळाबरोबर कशी लागते ते विचारू नका.

अर्ज कुठून करायचा यावरही बरेच अडतात. ज्या देशाचा नागरिक तिथून, किंवा जिथे दोन वर्षांहून जास्त राहिलाय तिथून. दुबईत वर्षभर असलेल्या फिलिपिनो माणसाला मनिलाचीच वाट धरावी लागते. आणि इथे आलेल्या माणसाला समोरच्या कंपनीने परस्पर उचलता येत नाही. मूळ कंपनी आणि तिची उपकंपनी असं नातं असेल तर परवानगी मागता येते, नाहीतर मायदेशी जाऊन नवा व्हिसा.

व्हिसा हाती आला की मालकाला वाटतं संपलं. १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करायची असते आणि तिथे राहण्याचा पुरावा लागतो. इथे घरमालक आणि सोसायटी मैदानात उतरतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो, पण ऑनलाइन नोंदणी आधारवर चालते आणि नुकत्याच उतरलेल्या पाहुण्याकडे आधार कुठून असणार? आम्ही करार कंपनीच्या नावाने करायला लावतो आणि राहणाऱ्याचं नाव, पासपोर्ट क्रमांक आत लिहून घेतो. ज्याला सगळे सी फॉर्म म्हणतात ती, परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती जागा देणाऱ्याने २४ तासांत ऑनलाइन भरायची असते. कोपरखैरण्यातले एक काका म्हणाले, "पोलिसांचं लफडं नको, भाडं हजार कमी द्या पण फॉर्म नको." त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच लॅपटॉपवर फॉर्म भरून दाखवला. आता ते दुसऱ्या घरमालकांना शिकवतात.

२०१८ मध्ये ई-एफआरआरओ, म्हणजे त्या नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन सोय, आलं आणि बहुतेक काम पोर्टलवर गेलं. लोकलने फायली घेऊन सीएसएमटीला जाणं संपलं, स्कॅनची साइज कमी करत बसणं सुरू झालं. त्याच सुमारास आम्ही वाशीला मोठी जागा घेतली, कारण निम्म्याहून जास्त क्लायंट ठाणे-बेलापूर पट्ट्यातले झाले होते. २०२० च्या मार्चमध्ये बहुतेक व्हिसा स्थगित झाले. एम्प्लॉयमेंट व्हिसा त्यातून वगळले होते, पण विमानंच बंद झाल्यावर त्याचा उपयोग काय? ते वर्ष आम्ही पुन्हा पीएफच्या चलनांवर काढलं, म्हणून तो जुना धंदा मी कधी सोडला नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा नोंदणीचा, १९४६ चा परकीय नागरिकांचा आणि विमान कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा, असे चार कायदे त्यात गेले. आमच्या हमीपत्रांच्या नमुन्यांत १९४६ चा उल्लेख जागोजागी होता, तो एकेक करून बदलला. बाजारात फिरणाऱ्या नमुन्यांत अजून तो सापडतो, तेव्हा कुणाचं पत्र उतरवून घेणार असाल तर तेवढं पाहा.

सध्या आम्ही सहा जण आहोत. व्हिसा मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही, तो निर्णय वकिलातीचा असतो, आणि फी कागदांच्या कामाची घेतो, निकालाची नाही. मुदतवाढीचं काम घेताना आधी फॉर्म १६ (पगारातून कर कापल्याचा दाखला) आणि पीएफचा भरणा पाहतो. ते नसेल तर आधी ते, मग अर्ज. नव्याने येणाऱ्यांना एकच विनंती: करारपत्रावर सह्या व्हायच्या आधी त्याचा मसुदा पाठवा, हुद्दा आणि पगाराचं पान पहिलं.